बोयेतच्या मापाचा शर्ट

मिठाचा ट्रक आला की शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये हिवाळा आला असं समजायचं. कॅलेंडर काय म्हणायचं ते म्हणू दे. काल दुपारी तो आला. खर्र खर्र करत, बर्फ साचू नये म्हणून रस्ताभर मीठ टाकत गेला आणि मी निवडत होते ती मेथी तशीच टाकून खिडकीशी जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं झाली, तरी मला हे पाहवत नाही. अहो, मीठ ते! साताऱ्याला आमच्या घरात चिमूटभर सांडलं तरी आई म्हणायची, वर गेल्यावर देव पापण्यांनी वेचायला लावेल. इथे ट्रकच्या ट्रक रस्त्यावर ओततात आणि कोणाला त्याचं काही नाही.

संध्याकाळी मुलाचा फ्रिस्कोहून फोन. तिकडे टेक्सासमध्ये अजून लोक अर्ध्या चड्डीत फिरताहेत म्हणे. "आई, जस्ट मूव्ह हिअर. नो स्नो, नथिंग." मी म्हटलं, बघू. 'बघू' म्हणजे 'नाही', हे कुठल्याही मराठी माणसाला कळतं. इथे जन्मलेल्या मुलांना ते फोड करून सांगावं लागतं. माझा नवरा, सुधीर, गेल्यापासून हे बोलणं दर हिवाळ्यात होतं. फोन ठेवला आणि घर पुन्हा होतं तसं झालं. हीटर सुरू झाला, बंद झाला. मी मेथी निवडून ठेवली. एकटीला किती लागणार मेथी?

अशा वेळी मला लोला आठवते, आणि तिच्याबरोबर तो शहाऐंशीचा हिवाळा.

म्हणजे त्याची सुरुवात पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरातली, पण माझ्या मनात तो सगळा शहाऐंशीचाच होऊन बसलाय. लग्न होऊन मी इथे आले त्याला फार दिवस झाले नव्हते. सुधीर सकाळची ट्रेन पकडून शिकागोला जायचा तो अंधार पडल्यावर परत. मला गाडी चालवता येत नव्हती, नोकरीची परवानगी नव्हती आणि इंग्रजी असं, की दुकानातल्या मुलीने 'हाऊ आर यू' विचारलं की मी खरंच कशी आहे ते सांगायला लागायचे. गावात मराठी घरं मोजकी, तीही गाडीशिवाय न गाठता येणारी. दिवसभर मी आणि बर्फ. मला एकटं वाटायचं. त्याला आणखी भारी शब्द शोधायची गरज नाही. एकटं वाटायचं, रडू यायचं, आणि रडून झालं की कुकर लावायचा.

शेजारच्या घरात टेस राहायची. फिलिपिनो, हॉस्पिटलात नर्स, लग्न न केलेली. तिच्याकडे तिची आई होती. आईला सगळे लोला म्हणत. लोला म्हणजे त्यांच्यात आजी. आमची पहिली ओळख अशी झाली, की मी साडीवर सुधीरचा ओव्हरकोट चढवून दारातलं बर्फ फावड्याने उपसत होते आणि शेजारच्या दारातून एक टीचभर बाई ओरडली, "मुली, कमरेतून नको वाकूस! गुडघ्यातून वाक!" मी चमकून पाहिलं. हिचा जन्म गेला नारळाच्या झाडांखाली, आणि ही मला बर्फ उपसायला शिकवतेय! पण तिचं बरोबर होतं. माझी कंबर वाचली.

लोला फिलिपिन्समधल्या इलोइलोजवळच्या एका गावची, जन्मभर शाळामास्तरीण. मला वाटलं होतं, परदेशी म्हातारी आहे, चार इंग्रजी शब्द मीच तिला शिकवीन. कसलं काय! तिनेच मला समोर बसवून धडे दिले. मी पोहे करायचे, ती खाता खाता माझ्या चुका काढायची. "पुन्हा म्हण. तोंड उघडून म्हण. शब्द काही उडून जात नाही." दोघींनाही दुसरं काम नव्हतं. दुपार कशीबशी सरायची.

एक गोष्ट मात्र मला फार खटकायची. लोला गप्पा मारायची, पण गावगप्पा अजिबात नाही. मी म्हणायचे, "त्या कोपऱ्यावरच्या घरातला नवरा सोडून गेला म्हणे." हे 'म्हणे' नसतं तर आम्हा बायकांचं निम्मं बोलणं बंद पडलं असतं. लोला विचारायची, "तू पाहिलंस?" मी म्हणायचे, "नाही, पण दिसतंच आहे की." "मग नको सांगूस." चहाची सगळी मजा घालवायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "लोला, तू शाळेतच शोभतेस. मग बायकांनी बोलायचं तरी काय?"

तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे लष्करी कायद्यात अफवा पसरवणं हा गुन्हा होता. आमच्या शाळेतला शिपाई दुकानात म्हणाला, तांदूळ महागणार असं ऐकतो. नेला त्याला."

"मग?"

"मग काही नाही. आला परत. पण नंतर तो कधी काही ऐकायचाच नाही. आपण समोर उभं राहून बोललो तरी नाही."

बहात्तर सालच्या सप्टेंबरात त्यांच्या राष्ट्राध्यक्षाने टीव्हीवर येऊन लष्करी कायदा जाहीर केला. वर्तमानपत्रं बंद, सभा बंद, रात्री संचारबंदी. विद्यार्थी, वकील, पत्रकार, जो नको असेल तो आत. पुढे काही वर्षांनी कागदावर तो कायदा उठला, पण खुर्चीतला माणूस तोच राहिला, आणि आत गेलेले सगळे काही बाहेर आले नाहीत. हे मला लोलाने सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. त्यातही जे स्वतः पाहिलं नाही त्याबद्दल ती स्पष्ट म्हणायची, हे मी पाहिलेलं नाही.

त्यामुळे बोयेतबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं फार थोडं होतं. बोयेत तिचा मुलगा, टेसचा धाकटा भाऊ. मनिलाला कॉलेजात शिकत होता. लष्करी कायदा आला आणि त्याला त्याच्या खोलीवरून नेलं; ते घरमालकिणीने पाहिलं. लोलाने पाहिलं नाही. ती बोटीने मनिलाला गेली, छावण्यांच्या दारांशी उभी राहिली. दारावरचे शिपाई म्हणायचे, या नावाचा कोणी नाही. आहे असं कोणी म्हटलं नाही, आणि मेला असंही कोणी म्हटलं नाही. पुढे टेस अमेरिकेत आली आणि आईलाही घेऊन आली.

टेसच्या दिवाणखान्यात कोपऱ्यात एक भलामोठा खोका उघडा पडलेला असायचा. फिलिपिनो घरांत तो असतोच. वर्षभर त्यात थोडं थोडं टाकत राहायचं, साबण, टॉवेल, चॉकलेटं, डबाबंद मांस, आणि भरला की बोटीने गावी पाठवायचा. लोलाचा खोका तिच्या बहिणीकडे जायचा. जानेवारीचे सेल लागले की तो भरत यायचा, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर, बोयेतचा शर्ट आणि पँट. दर वर्षी एक जोड. बहीण ती गावच्या घरात बोयेतच्या कपाटात ठेवायची.

आणि ते कपडे लोला काही काही वर्षांनी एक माप मोठे घ्यायची.

हे मला कळलं त्या जानेवारीत. टेसने आम्हाला दुकानाशी सोडलं होतं. लोला शर्टांपुढे बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचं वय काय?" मी सांगितलं. "म्हणजे बोयेतएवढाच," ती म्हणाली. संध्याकाळी शर्ट घेऊन आमच्याकडे हजर. सुधीर नुकताच ट्रेनने आलेला, भुकेलेला, बुटांचं बर्फसुद्धा झटकलं नव्हतं. तिने त्याला मधोमध उभं केलं आणि शर्ट चढवायला लावला. पाठीवरून हात फिरवला, खांदे ओढून पाहिले, पोटाशी कापड चिमटीत धरलं.

"लग्नाआधी तू बारीक होतास?"

"काडी होतो," सुधीर म्हणाला. "हे सगळं हिच्या हातचं खाऊन झालंय."

एरवी मी त्याला सोडला नसता.

"बोयेतही काडीच होता. पण या वयात पुरुष भरतात. त्याचे वडीलही भरले होते." असं म्हणून तिने शर्ट उतरवून घेतला. सुधीरला तो घट्ट होत होता, म्हणून एक माप मोठा आणायचं ठरलं.

ती गेल्यावर सुधीर बनियनवर तसाच उभा. "अगं, तुरुंगात कोणी अंगाने भरतं का?" तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, "गप्प बस. जेवायला चल." आम्ही जेवलो. त्या दिवशी आमटीत मीठ कमी पडलं होतं, तेही कोणी बोललं नाही.

टेसला हे सहन व्हायचं नाही. एकदा मला गाडीत म्हणाली, "तो गेलाय. मला माहीत आहे, गावाला माहीत आहे. आमच्यात माणूस गेला की नऊ दिवस प्रार्थना करतात. तेवढी तरी करू दे म्हणते मी. तर ती म्हणते, कोणी पाहिलं? ज्याने पाहिलं त्याला आणून उभा कर." तिने स्टिअरिंगवर हात आपटला. "नसलेल्या माणसाला पँटी घेते माझी आई." आपल्यातही दहावं-तेरावं झाल्याशिवाय गेलेला माणूस ना धड इकडचा ना तिकडचा. टेसचं मला पटायचं. पण लोलासमोर गेले की लोलाचं पटायचं. आईने कोणाच्या तरी अंदाजावर आपल्या मुलाला मारून टाकायचं की काय?

आमच्याकडेही आणीबाणी होऊन गेली होती. माझा मामा तिच्यात आत होता. आणीबाणी उठली, मामा दाढी वाढवून घरी आला, आम्ही त्याला ओवाळलं, श्रीखंड केलं. आमच्या घरात त्या गोष्टीचा शेवट श्रीखंडाचा. तेवढ्या अनुभवाच्या जोरावर मी लोलाला म्हणायचे, "येईल गं, येईल." ती नुसती माझ्याकडे बघायची. पाठ न करता उत्तर ठोकून देणाऱ्या पोराकडे बाई बघतात तशी.

त्याच जानेवारीच्या अखेरीस अमेरिकेचं ते अवकाशयान आकाशात फुटलं. त्यात एक शाळामास्तरीण होती, म्हणून लोलाला त्याचं फार अप्रूप. दिवसभर टीव्हीवर तेच ते दाखवत होते. त्या मास्तरणीचे आईवडील खाली बसून वर बघत होते, तेही दाखवलं. मी पदर तोंडाला लावून रडत होते. लोला रडली नाही. नुसती म्हणाली, "तिच्या आईला दिसलं तरी." ती काय म्हणतेय ते मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उठून तिच्या स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा घासली.

मग फेब्रुवारी आला. त्यांच्याकडे निवडणूक झाली, मतं चोरली म्हणून लोक खवळले आणि मनिलाच्या एका मोठ्या रस्त्यावर माणसांचा समुद्र लोटला. रणगाड्यांपुढे गुडघे टेकून जपमाळ धरलेल्या नन्स, सैनिकांच्या हातांत फुलं देणाऱ्या बायका. इथल्या बातम्यांतही दुसरं काही नव्हतं. लोला टीव्हीला नाक लावून बसायची. मला वाटायचं, ती बातमी ऐकतेय. मग लक्षात आलं, ती बातमी ऐकतच नाही. ती गर्दीतला एकेक चेहरा बघतेय. कॅमेरा हलला की चिडायची. "थांब ना! अरे, थांब जरा!" असं त्या टीव्हीलाच दटावायची.

राष्ट्राध्यक्ष विमानात बसून पळाला. नव्या राष्ट्राध्यक्ष बाई आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी राजकीय कैद्यांना सोडायला घेतलं. टेस त्या दिवशी पहिल्यांदा आईला मिठी मारून रडली. लोला म्हणाली, "रडतेस काय? अजून काही कळलेलं नाही."

त्या सुमारास आमच्या मराठी मंडळींचं कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये जेवण होतं. सगळा वेळ एकाच गोष्टीवर हसणं चाललं होतं: पळालेल्या राष्ट्राध्यक्षाच्या बायकोचे महालात सापडलेले बूट. "यार, एवढे बूट घालायला पाय किती लागतील?" एका डॉक्टरकाकांनी विचारलं आणि बेसमेंट दणाणलं. हसण्यासारखंच होतं ते. आदल्या वर्षी असतं तर मीही हसले असते. पण मला दुसरंच कपाट दिसत होतं, इलोइलोकडचं, घड्या न मोडलेल्या शर्टांचं. मी सुधीरकडे पाहिलं. तो ताटातला भात चिवडत बसला होता. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत बसून मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

नेपरव्हिलचा मार्च म्हणजे नुसता चिखल. बर्फ वितळतं, छपरं गळतात, बुटांवर मिठाचे पांढरे डाग पडतात. टेसने मनिलातल्या काही नन्सना घरचा फोन नंबर कळवून ठेवला होता; त्या नन्स हरवलेल्या कैद्यांच्या घरच्यांसाठी धडपडायच्या. त्यांचा फोन येईना, पण अफवा मात्र यायला लागल्या. शिकागोतल्या फिलिपिनो ओळखीपाळखीतून कोणी कळवायचं, बोयेतसारखा एक जण सुटलाय म्हणे. कोणी म्हणायचं, एका छावणीत स्मरण गेलेला एक माणूस आहे म्हणे, स्वतःचं नाव सांगत नाही. लोला प्रत्येकाला एकच विचारायची. "तू पाहिलंस?" तिकडून 'नाही' आलं की ती फोन ठेवायची. पण मी बघत होते. ठेवल्यावरही ती फोनवरचा हात काढायची नाही. नाही नाही म्हणत ती त्या 'म्हणे'चीच वाट बघत होती. खोका तिने बंद केला नाही. "आला तर मीच घेऊन जाईन," म्हणाली.

आज मी तिच्या तेव्हाच्या वयाची झालेय. तिच्यासारखीच दुपारी खिडकीशी उभी राहते. फरक एवढाच, की माझी माणसं कुठे आहेत ते मला माहीत आहे. मुलगा फ्रिस्कोला, मुलगी पूर्वेकडे श्रूजबरीला, आणि सुधीरच्या अस्थी मी माझ्या हातांनी कृष्णेत सोडल्या. हे माहीत असणं हेही एक सुख असतं, हे मला लोलाशिवाय कोणी शिकवलं नसतं. तरी संध्याकाळी घर खायला उठतं ते उठतंच. त्या सुखाने ते काही कमी होत नाही, उगाच खोटं कशाला बोलू? टेस नंतर कॅलिफोर्नियाला गेली, लोला इलोइलोला. काही वर्षं नाताळची कार्डं आली, मग तीही थांबली. त्यांच्या घरात आता चौथं की पाचवं कुटुंब राहतं. चांगली माणसं आहेत. हात हलवतात.

पण मार्चातली ती संध्याकाळ काही जात नाही. टेस ड्यूटीवर होती, मी लोलाकडे. अजून उजेड होता. फोन वाजला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा, लांब वायरीचा. आधी एक नन बोलली, मग तिने कोणा माणसाला फोन दिला. तिकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती. तो माणूस मनिलाकडचा, लोलाची बोली त्याला येत नव्हती, त्यामुळे दोघं इंग्रजीत बोलत होती आणि लोलाची बाजू मला कळत होती.

"हो. मी त्याची आई."

मग ती नुसती ऐकत राहिली. मी उठायला लागले, तिने हाताने बस म्हटलं.

"तू पाहिलंस?"

एरवी इथे फोन खाली जायचा. या वेळी गेला नाही.

"तू स्वतः? त्याच्याजवळ होतास?"

तिने चष्मा काढून ओट्यावर ठेवला आणि भिंतीला टेकली. "केव्हा?" तिने विचारलं. उत्तर आलं, तशी ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे त्याच वर्षी." पकडून नेलं त्याच वर्षी. काडीसारखा पोरगा काडीसारखाच राहिला होता. मला एकदम त्या दिवशी घट्ट शर्टात उभा असलेला सुधीर आठवला.

तो माणूस बोयेतच्याच कोठडीत होता. आत असेपर्यंत यातलं अक्षरही उच्चारणं शक्य नव्हतं. आदल्या दिवशी तो सुटला आणि तडक नन्सकडे येऊन त्याने लोलाचा नंबर मिळवला, कारण बोयेतला त्याने तसा शब्द दिला होता. हे लोलाने मला मागाहून सांगितलं. त्याला अजून पुष्कळ सांगायचं होतं. बोयेत आत काय बोलायचा, शेवटी काय म्हणाला. त्याचा घाईघाईचा आवाज मला खुर्चीत बसून ऐकू येत होता. एवढी वर्षं ज्या एका माणसाची ती वाट बघत होती, तोच बोलत होता. आणि लोलाने त्याला मध्येच थांबवलं.

"थांब, पोरा. तू काल सुटलास ना? तुझी आई आहे?"

तिकडून 'हो' आलं असावं.

"तिला भेटलास?"

तो काहीतरी सांगायला लागला.

"तिला माहीत तरी आहे का, तू सुटलास ते?"

तो समजावत होता, विनवत होता. लोलाने डोळे मिटले होते, पण आवाज शाळेतला लागला.

"नाही. माझ्या मुलाचं राहू दे आता. तू फोन ठेव आणि घरी जा. आत्ता. आणि तोंड धुऊन जा, म्हणजे ती घाबरणार नाही."

तो ठेवेना. मग तिनेच ठेवला.